खाडीकाठच्या घराची फाइल

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून एकदाही बाहेर पडलेली नाही. बहिणीला नाही, लॅबमधल्या मैत्रिणींना नाही — देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा मी दुसऱ्याच कशाकशाची माफी मागते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. कुठून सुरुवात करायची तेच कळत नाहीये, कारण ऐकायला ती इतकी फालतू वाटते. कम्प्युटरवरचा एक गेम, त्यातलं एक घर. सत्तरी ओलांडलेला एक माणूस आणि त्याच्या दोन मुली. यात एवढं लपवण्यासारखं काय असणार?

आहे.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहायचो, बाबा आणि मी. बाबा विक्रोळीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होते. सगळं आयुष्य लोखंड घासण्यात गेलं. माझं लग्न झालं नाही, आई गेली, मग घरात आम्ही दोघंच उरलो. मी घाटकोपरच्या एका लॅबमध्ये रक्ताचे रिपोर्ट टाइप करते. धाकटी बहीण मेघना — आमची मेघू — माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. ती लग्न करून बोरीवलीला गेली, नोकरी पवईला, सॉफ्टवेअर तपासायची. आई गेल्यावर बाबा दिवसभर खिडकीत बसून असायचे, म्हणून तिने आपला जुना कम्प्युटर आणून दिला आणि त्यावर एक गेम टाकून दिला. आपला एक माणूस बनवायचा आणि डोंगरदऱ्यांतून हिंडायचं. गावातल्या लोकांची अडलेली कामं करायची, भट्टीवर हत्यारं घडवायची, असला गेम.

मला वाटलं, आठवडाभराचं खूळ. पण बाबा त्यात रमले. मारामारीत त्यांना काडीचा रस नव्हता. ते खनिज शोधत हिंडायचे आणि भट्टीपाशी बसून तलवारी घडवायचे. एकेक पातं घडवून झालं की खुर्चीत मागे रेलून बघत बसायचे. त्यांच्या तोंडावर मी ते समाधान आधी कधी पाहिलं नव्हतं. किंवा लहानपणी पाहिलं असेल, आठवत नाही.

मग मेघूने मॉड लावून दिले. मॉड म्हणजे कोणीतरी हौसेने बनवलेली जोडणी, मूळ गेमला बाहेरून लावायची. एकाने अक्षरं मोठी व्हायची, कारण बाबांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. एकाने गुहांमधले जाळी विणणारे मोठाले कोळी जाऊन तिथे अस्वलं यायची. बाबांना कोळ्यांची भीती वाटते हे आम्हाला त्या वयात कळलं! आणि एकाने मिळायचं घर. खाडीच्या काठावर, लाकडी, पुढे होड्यांचा धक्का. बाबा म्हणाले, ही तर आपल्या गावची खाडी. त्या घराच्या भिंतींवर त्यांनी स्वतः घडवलेलं एकेक हत्यार टांगलं, कारखान्यात अवजारं टांगायचे तसं — आकाराप्रमाणे, ओळीत. दोन वर्षं लागली त्यांना ती भिंत भरायला.

आता मेघूच्या रविवारांबद्दल सांगायला हवं.

दर रविवारी अकराला ती बोरीवलीहून आमच्या कम्प्युटरमध्ये यायची. तिच्याकडे बाबांचा स्क्रीन दिसायचा, तिचा माउस आमच्याकडे चालायचा, आणि फोन स्पीकरवर. बाबा त्या दिवशी लवकर अंघोळ उरकायचे. इस्त्रीचा शर्ट घालायचे. फोनवर बोलायला इस्त्रीचा शर्ट — सांगा, कोण घालतं? मी आत बांगडे साफ करत असायची आणि बाहेर ते त्या हलणाऱ्या बाणाशी बोलत असायचे. हो, बाणाशी. "थांब गो, खंय पळतस?" असं.

एकदा गेममधला एक लोहार जमिनीतून खालीच पडला. गेममध्ये होतं असं. तो असल्याशिवाय बाबांचं काम पुढे सरकेना. मेघू म्हणाली, कन्सोल उघडू. एस्केपच्या खालचं बटण दाबलं की स्क्रीनवर एक पट्टी येते, त्यात आज्ञा टाइप केली की गेम ती मुकाट्याने ऐकतो. पट्टी आली, पण बाबांनी काहीही दाबलं तरी त्यात नुसते चौकोन उमटायचे. पाऊण तास दोघं झगडत होते. गेम बंद करून चालू केला, मेघूने कुठल्या कुठल्या सेटिंग बघितल्या. आणि मग तिच्या लक्षात आलं. बाबांनी गावच्या मंडळाचं पत्र टाइप केलं होतं, कीबोर्ड मराठीतच राहिला होता. दोघं इतकी हसली! मेघूला तर बोलता येईना. मग आज्ञा गेली आणि तो लोहार बाबांच्या पुढ्यात टपकन येऊन उभा राहिला, आणि बाबांनी टाळी वाजवली. लहान मुलासारखी.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. हात मसाल्याचे. माझ्याकडे कोणी बघितलं नाही.

तुम्ही म्हणाल, एवढंच? मग ऐका. त्यांच्या डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब घालायची मी. बीपीची गोळी, पथ्याचं जेवण, इस्पितळातल्या रांगा — सगळं मी. मी बाबांना अहो-जाहो करते, मेघू अरे-तुरे. लहान होती, लाडकी, तशीच सवय राहिली. तिचं ते "अरे बाबा, तू ना—" ऐकलं की मी आतला नळ मोठा सोडायची. मी घरात अख्खा दिवस काढून जे मिळवू शकत नव्हते, ते ती रविवारच्या दीड तासात घेऊन जायची. आणि पुन्हा फोन ठेवताना म्हणायची, "ताई, तू आहेस म्हणून मी निर्धास्त." हेसुद्धा मला टोचायचं.

एकदा मी बाबांना म्हटलं, मलाही दाखवा ना कसं करतात ते. त्यांनी मान न वळवताच सांगितलं, तुझं काम नाही ते, मेघूचं डोकं माझ्यावर गेलंय. रागाने नाही म्हणाले. सहज. जेवायला काय आहे विचारावं तितक्या सहज. मी ते वाक्य त्या रात्री उशाशी घेऊन झोपले आणि सकाळी उठले तेव्हाही ते होतंच.

मग मी शिकले. कोणाला न सांगता. लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून मी त्या गेमबद्दल वाचायची. लोक कुठे अडकतात, कोण काय उपाय सांगतं. कुठला मॉड कुठल्या फाइलवर उभा असतो, ती फाइल आधी यायला हवी, क्रम चुकला की काय होतं. कळायला लागलं तसं एक विचित्र सुख व्हायचं. माझंही डोकं चालत होतं की! मग मी तेव्हाच बाबांच्या शेजारी बसून का नाही सांगितलं — बघा, मलाही येतं? किती साधं होतं. पण मला नुसतं येणं पुरेसं नव्हतं. मेघूला न येणं हवं होतं.

इथपर्यंत आले आहे तर पुढचं सांगून टाकते.

एका शनिवारी दुपारी बाबा केस कापायला गेले होते. मी कम्प्युटर उघडला. खाडीकाठचं घर ज्या पायाभूत फाइलवर उभं होतं, तिची एक जुनी आवृत्ती मेघूने कधीतरी उतरवलेली तशीच पडून होती. मी नवी काढली आणि तिच्या जागी जुनी ठेवली. नाव तेच. मॉडच्या यादीतली खूण तीच, क्रमसुद्धा तोच. बघणाऱ्याला काही वेगळं दिसणार नाही. फक्त बाबा त्या घराच्या दारात गेले की गेम बंद पडणार.

आणि काहीही हलवण्याआधी मी बाबांच्या खेळाची, म्हणजे त्यांच्या सेव्हची, एक प्रत माझ्या पेन ड्राइव्हवर काढून घेतली. तसं करावं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. म्हणजे बघा, काळजी पण घेतली मी. एक रविवार मेघूला जमणार नाही, बाबा हिरमुसतील, मग सोमवारी मी नवी फाइल परत ठेवीन आणि म्हणेन, बाबा, मी बघू का जरा? माझ्या डोक्यात एवढंच होतं. एवढंच होतं का खरंच? आता सांगता येत नाही.

रविवारी झालं तसंच. बाबा दारात गेले, गेम बंद. पुन्हा गेले, पुन्हा बंद. मेघूने यादी तपासली, क्रम तपासला, सगळं जागच्या जागी. कन्सोलमधून तिने बाबांना दुसऱ्या गावी पाठवलं, तिथे गेम मजेत चालायचा. घरापाशी आला की मरायचा. दीड तासाचे तीन तास झाले. मागे तिच्या लेकीच्या रडण्याचा आवाज, सासूबाईंचा आवाज, आणि मेघू म्हणत होती, "थांब बाबा, सापडेल, थांब."

सोमवार आला. मी फाइल परत ठेवली नाही.

का? कारण मला मजा येत होती. हा शब्द लिहिताना हात थांबतो, पण दुसरा नाही. तिचा तो बाण स्क्रीनवर इकडून तिकडे भिरभिरायचा आणि बाबा त्याच्याशी काही बोलायचे नाहीत. दुसऱ्या रविवारी त्यांनी तिला बोलता बोलता दोनदा तोडलं. तिसऱ्या रविवारी शर्ट इस्त्रीचा नव्हता. मी ते बघितलं — असलं सगळं मी बरोब्बर बघत होते. मेघू आठवडाभर ऑफिसातून येऊन रात्री वाचत बसते असं म्हणाली. मी तिला म्हटलं, अगं कशाला जीव काढतेस, गेमच तो. किती गोड आवाजात म्हटलं!

चौथ्या रविवारी तिने ठरवलं, सगळे मॉड काढून टाकायचे, नुसता गेम चालतो का बघायचं, आणि मग एकेक नव्याने उतरवून लावायचा. अगदी योग्य उपाय होता तो. पायाभूत फाइलसुद्धा नव्याने आली असती आणि सगळं सुरळीत झालं असतं. फक्त एक गोष्ट. मॉड काढलेले असताना सेव्ह करायचं नाही. कारण घर नाही म्हणजे घरातलं सामानही नाही, आणि त्या अवस्थेत सेव्ह केलं की गेम ते सामान कायमचं विसरतो. आणि बाबा सेव्ह एकाच जागी करायचे, जुन्यावर नवं. दहा-दहा कशाला ठेवायचे, म्हणायचे. आपोआप होणारं सेव्हही त्यांनी बंद करून घेतलेलं, गेम मध्येच अडकतो म्हणून.

हे मला माहीत होतं. मेघूलाही माहीत असणारच — पण महिनाभर दमलेली होती ती.

मॉड निघाले. गेम चालू झाला. घराच्या जागी नुसती खाडी, आणि बाबा कमरेएवढ्या पाण्यात उभे. गेम बंद पडला नाही. मेघू आनंदाने म्हणाली, "चाललं! बाबा, सेव्ह कर, पटकन सेव्ह कर."

मी बाबांच्या खुर्चीमागे उभी होते. त्यांना माउस सापडायला वेळ लागला, चष्मा नाकावर सरकवला, मेनू उघडला, ती एकुलती एक ओळ निवडली. गेमने विचारलं, जुन्यावर लिहू का? बाबांनी ते मोठ्याने वाचलं. भरपूर वेळ होता मला. "थांबा" एवढं म्हणायला किती लागतो?

मी म्हटलं नाही. तोंड उघडलंच नाही.

पुढे मेघूने सगळं नव्याने उतरवून लावलं. खाडीकाठचं घर परत आलं. बाबा दारात गेले — गेम बंद पडला नाही. दार उघडलं. आत भिंती कोऱ्या.

बाबा त्या खोलीत गोल फिरले. मग दुसऱ्या खोलीत गेले. परत आले. फोनवरून मेघू काहीतरी बोलत होती, मग तिलाही ते दिसलं. बाबा चिडले की मालवणीत जायचे, पण तेव्हा आवाज चढला नाही. हळूच म्हणाले, "तुका येणा नाय तर तसा सांग मगे. माझो खेळ कित्याक मोडलंस?"

स्क्रीनवर तिचा बाण तसाच उभा होता. मग ती "सॉरी बाबा" म्हणाली, आणि बाण गेला.

तुम्हाला आठवत असेल, माझ्याकडे प्रत होती. त्या शनिवारची, भरलेल्या भिंतींची. पेन ड्राइव्ह माझ्या पर्समध्ये, पर्स कपाटात, दहा पावलांवर. ती फाइल जागेवर टाकायला एक मिनिट लागलं नसतं. बाबांचं सगळं परत आलं असतं. पण मग ते विचारणार, मेघू विचारणार — ही प्रत तुझ्याकडे कशी? तुला काय करायचं होतं कम्प्युटरवर, त्याच दिवशी, बरोब्बर बिघाडाच्या आदल्या दिवशी? काहीतरी थाप मारता आली असती. सुचलीसुद्धा होती. पण मेघू तपासायचंच काम करते, तिने फाइलवरची तारीख बघितली असती. मी घाबरले. पकडले जाण्याची भीती बाबांच्या दोन वर्षांपेक्षा मोठी ठरली. तीनेक आठवड्यांनी एका दुपारी लॅबमध्ये मी तो पेन ड्राइव्ह लावला आणि ती प्रत पुसून टाकली. मग बाकीचे रिपोर्ट टाइप केले.

भिंती कोऱ्या झाल्या त्याच्या पुढच्याच रविवारी बाबांनी मेघूला नको म्हणून सांगितलं होतं. मी म्हटलं, बाबा, मी बघते आता. त्यांनी आश्चर्याने माझ्याकडे बघितलं. माझा बेत सफल झाला म्हणायचा — त्यांच्या शेजारची खुर्ची मला मिळाली. काही अडलं की मी कन्सोल उघडून सोडवायची, पटापट. बाबा म्हणायचे, छान. आभार मानायचे माझे. मेघूचे कधी आभार मानले नव्हते त्यांनी, तिच्याशी ते भांडायचे, हसायचे. माझ्याबरोबर पाहुण्यासारखे वागायचे. त्यांनी तीन तलवारी घडवून भिंतीवर टांगल्या. चौथी घडवली नाही. दिवाळीनंतर कम्प्युटरवर चादर घातली ती तशीच राहिली, आणि बाबा परत खिडकीत बसायला लागले.

मेघू फोन करायची, पण माझ्या फोनवर. बाबांची तब्येत विचारायची. त्यांना दे म्हणायची नाही. कधी मी आपणहून दिला तर दोघं एकमेकांना जेवलास का विचारायची आणि फोन माझ्याकडे परत यायचा. मध्ये असं काही फार मोठं भांडण नव्हतं. असतं तर मिटलं असतं. ती सणावाराला यायची, लेकीला आजोबांच्या मांडीवर बसवायची, आणि स्वतः माझ्याबरोबर स्वयंपाकघरात.

दोन वर्षांनी बाबा गेले. छातीत दुखलं, दोन दिवस आयसीयूत होते. मेघू पोचली तेव्हा ते शुद्धीवर नव्हते.

तेराव्याला सगळे गेल्यावर आम्ही दोघी स्वयंपाकघरात भांडी पुसत होतो. ती एकदम ओट्याला टेकून खालीच बसली आणि रडायला लागली. म्हणाली, "ताई, त्याची ती भिंत मी घालवली गं. कशी विसरले मी, मला माहीत होतं सेव्ह करायचं नाही. तेव्हापासून त्याच्याशी बोलायला तोंडच उरलं नाही." तिने ते दोन वर्षं सांभाळलं होतं, आणि ते तिचं नव्हतंच.

मी तिच्याजवळ बसले. तेव्हा सांगता आलं असतं. घरात कोणी नव्हतं. बाबाही नव्हते. लपवण्याचं काही कारणच उरलं नव्हतं.

मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हटलं, "जाऊ दे गं. बाबांनी तुला कधीच माफ केलं होतं."

मी म्हणाले असं. त्यांनी मला तसं कधी सांगितलं नव्हतं. आमचं त्यावर एकदाही बोलणं झालं नव्हतं. आणि माफ करायचं काय होतं तिला? पण तिने माझा हात घट्ट धरला, आणि मी तो धरू दिला. मोठी बहीण म्हणून तिला शांत केलं. चहा करून दिला. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला बरंही वाटलं, आपण किती समजूतदार आहोत असं.

फाइल मी बदलली. थांबा म्हटलं नाही. प्रत होती ती पुसली. आणि जे मी केलं त्याबद्दल मेघूला मी माफ केलं.

ती अजून बोरीवलीलाच आहे. माझ्याशी चांगली वागते.